कुरव, बैलगाडीसकट

पहिली सवय मोडायची ती कॅमेऱ्याच्या पाठीकडे बघण्याची. क्लिक झालं की तुमची मान आपोआप खाली जाते, अंगठा बटण चाचपतो आणि हाताला लागते काळी, खरबरीत, मुकी पाठ. तिच्यावरच्या चौकटीत फिल्मच्या खोक्याचा फाडलेला तुकडा खोचलेला आहे: वेल्विया, ५०, छत्तीस फोटो. फोटो कसा आलाय, मुळात आलाय का, हे मुंबईला जाऊन रोल धुतल्याशिवाय कळणार नाही.

साल १९९६. माघ महिना. गाव आंजर्ले, तालुका दापोली. तुम्ही रात्रीच्या एस.टी.ने दापोलीला उतरलात, तिथून हर्णै गाठलंत आणि जोग नदीची खाडी तरीने ओलांडून अलीकडे आलात, कारण खाडीवर पूल व्हायचा आहे. कोकण रेल्वे पुरी व्हायला अजून दोन वर्षं आहेत, आणि झाली तरी ती खेडवरून जाणार. देशात मोबाइल येऊन वर्षही झालेलं नाही; इथे तो कोणी पाहिलेला नाही. तुमच्या गळ्यात निकॉनचा एफएम-२ आहे. त्याला बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजायला, बाकी सगळं यंत्र कमानी आणि चाकांवर चालतं. खाऱ्या हवेत हे असलेलंच बरं. लेन्स ३०० मिलिमीटरची, एफ/४.५, फोकस हाताने फिरवून करायचा. झोळीत रोल आहेत, पण मोजून. तेव्हा समोर पक्षी दिसला की धडाधड वीस फोटो काढायची ती तुमची दुसरी सवय, तीही इथेच पडवीत ठेवा.

पडवी ज्यांची आहे त्या काकू पहाटे पाचला चूल पेटवतात. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं आहे आणि तुमच्या सगळ्या दिवसाचं वेळापत्रक त्यातच आहे, फक्त ते तारखेच्या रकान्यात नाही, तिथीच्या रकान्यात आहे. तिथीची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आज वद्य प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊण वाजता. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, ओहोटी मिळते: पहाटे पावणेसातच्या सुमाराला आणि पुन्हा संध्याकाळी तिन्हीसांजेला. दहा-वीस मिनिटं इकडे तिकडे. काल पौर्णिमा होऊन गेली, तेव्हा उधाणाचे दिवस आहेत. उधाण म्हटलं की शहरातल्या माणसाला चढणारं पाणीच आठवतं; पण या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या भांगाला जे खडक कधी उघडे पडत नाहीत ते आज उघडे पडणार.

“चहा घेऊन जा हो,” काकू म्हणतात. “समुद्र कुठं पळून जात नाही.” आज तो नेमका पळालेला आहे, म्हणूनच तुम्हाला घाई आहे.

वाळू संपून खडक सुरू होतात तिथे तुम्ही अंधुक उजेडात पोचता. इथे कोकणातल्या फोटोग्राफरची जुनी अडचण समोर येते. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून बसलेला. सूर्य उगवतो तो पाठीमागच्या डोंगराआड. पंचांगात सूर्योदय सातचा असला तरी खडकांवर ऊन उतरायला त्याहून बराच वेळ जातो. म्हणजे पाणी सगळ्यात खाली असतं तेव्हा उजेड नसतो आणि उजेड येतो तेव्हा पाणी परत निघालेलं असतं. या दोहोंच्या मध्ये जो काही वेळ हाती लागेल तो तुमचा. ५० आयएसओची फिल्म म्हणजे उजेडाची अधाशी. सावलीत तिला एक-एक सेकंद द्यावा लागतो. तिपाईचे पाय खडकाच्या खाचेत रोवा, खालून झोळी टांगा म्हणजे वजन येईल, आणि श्वास धरून टायमरवर क्लिक करा.

बघायला मात्र उजेड पुरतो. एका डबक्यावर ओणवे व्हा. हातभर लांब, वीतभर खोल. तळाला गुलाबी चुनखडीसारखा थर, त्यावर समुद्रफुलं उघडलेली. शंखात घर केलेला एक खेकडा चालतो आहे, त्याच्या शंखाच्या पाठीवर शेवाळाचं हिरवं फूल चिकटलेलं. तुमची सावली पडली की तो आत ओढला जातो आणि डाव्या नांगीचं दार लावून घेतो. सावली तशीच ठेवून हलू नका. आधी एक डोळा बाहेर येतो, काडीच्या टोकावरचा. मग मिशी. मग दार इतकं किलकिलं होतं की आतल्या पायांवरचे केस दिसावेत. हे सगळं तुमच्या लेन्सच्या कुवतीबाहेरचं आहे. ३०० मिलिमीटर इतक्या जवळचं बघतच नाही. दुसरी लेन्स लावायची तर उघड्या कॅमेऱ्यात खारं वारं शिरणार. तुम्ही लेन्स बदलत नाही. काही गोष्टी नुसत्या बघायच्या असतात, असं मी म्हणणार नाही; तिथे मॅक्रो लेन्स हवीच होती. पण नव्हती.

पलीकडे कालवं काढणाऱ्या बायका बसल्या आहेत. लोखंडी टोचा, एक टोला, शिंपेचं झाकण उडतं, आतला गर भांड्यात. त्यांच्यापासून दोन-तीन हातांवर एक समुद्री बगळा, पाटीच्या दगडाच्या रंगाचा, गळ्यापाशी पांढरा. तो तुमच्याकडे एकदा बघतो आणि चार पावलं मागे सरकतो. बायकांकडे बघतसुद्धा नाही. टोले पडतात तशी बारकी मासळी बिचकून कपारीतून बाहेर येते आणि ती त्याला आयती मिळते. तुम्ही फ्रेममधून बायका वगळायची खटपट करता. एका बाजूने पदर येतो, दुसऱ्या बाजूने भांडं. शेवटी बगळा एकटा सापडतो, पण तोवर तो काही करत नसतो, नुसता उभा असतो. हा फोटो तुम्ही काढता. छत्तिसातला एक गेला.

“अहो दादा, मागं बघा.”

मागे पाणी. ज्या घळीतून तुम्ही कोरड्या पायांनी आलात तिच्यात गुडघाभर लाट खेळते आहे. भरतीचं गणित सरळ रेषेचं नसतं. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी जेमतेम सरकतं, आपल्याला वाटतं भरपूर वेळ आहे. खरा जोर तिसऱ्या-चौथ्या तासात येतो आणि तोवर मागच्या सखल घळी भरून गेलेल्या असतात. समुद्र समोरून क्वचित गाठतो, पाठीमागून गाठतो. कॅमेरा डोक्यावर धरून तुम्ही घळ ओलांडता. कालवांच्या धारेवर पोटरी कापते. बायका हसतात, पण त्यांच्यातलीच एक तिपाई धरते.

ऊन चांगलं वर आल्यावर तुम्ही गावाच्या वरच्या अंगाला, एका वाडीत येता. इथे आंब्याच्या जुन्या झाडावर समुद्रगरुडाचं घरटं आहे. काड्यांचा ढीग म्हणावा इतकं मोठं, वर्षानुवर्षं त्याच जागी, दर मोसमात नवी भर घातलेलं. रानात नाही, कड्यावर नाही. गोठ्याच्या मागे, जिथे म्हशीला आंबोण घालतात तिथून हाकेच्या अंतरावर. झाडाखाली उभं राहिलं की वास येतो. पाचोळ्यात माशांचे काटे आणि मण्यांची माळ तुटून पडावी तसे पाठीचे मणके. हे समुद्रसापाचे. कोळ्यांच्या जाळ्यात मासळीबरोबर साप येतात, ते काढून टाकले जातात. गरुडाच्या खाण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे वरच्या पिल्लाच्या पोटात जे जातं ते हर्णैच्या होड्यांवरूनही आलेलं असू शकतं.

वाडीचे मालक तुम्हाला पाण्याचा तांब्या देतात. त्यांचा गडी, नारळ पाडणारा, वर बघून अंदाज घेतो. “त्या शेजारच्या माडावर चार बांबू बांधून देतो. झापांचा आडोसा करू. समोरासमोर फोटो येईल. पिल्लूसुद्धा.” तो थट्टा करत नाही. तो बांधून देईल, आणि फोटो खरंच येईल.

तुम्ही ज्या काळातून आला आहात त्या काळातल्या बऱ्याच स्पर्धा घरट्यावरचे फोटो दारातूनच परत पाठवतात. इथे १९९६ साली मात्र तो फोटो म्हणजे कसबाचा दाखला. आणि हे उगाच झालेलं नाही. निसर्गछायाचित्रण घरट्यापासूनच सुरू झालं. इंग्लंडातल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ साली अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला, आणि १८९५ मध्ये त्यांचं पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक आलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत अस्सल फोटोंनी भरलेलं. काचेच्या प्लेटा मंद, कॅमेरा जड, लांब पल्ल्याची लेन्स नाही; अशा सामानाला पोज देणारा पक्षी एकच, जो पुन्हा पुन्हा त्याच जागी परत येतो तो. म्हणून घरटं. जवळ जाता यावं म्हणून हे भाऊ पुढे बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवून त्या पोकळ बैलाच्या पोटात कॅमेरा घेऊन बसत. आपल्याकडे सालिम अलींनी १९३० साली किहीमला, म्हणजे याच किनाऱ्यावर थोडं उत्तरेला, सुगरणींचा संसार बघितला तो उंच शिडीच्या टोकाला आडोसा करून, पार घरट्यांच्या रांगेत बसून. त्यातून जे कळलं ते आजही पुस्तकात आहे. तेव्हा आडोसा म्हणजे पाप, असं सरसकट म्हणता येत नाही. अभ्यासासाठी महिनोन्‌महिने बसणारा आणि दोन दिवसांत फोटो घेऊन जाणारा, यांच्यात फरक आहे एवढंच. आणि माझं मत विचाराल तर तो फरक फार मोठा आहे.

तुम्ही माडाकडे बघता. बांबू बांधायला अर्धा दिवस. तेवढा वेळ माणसं वर, दोन्ही गरुड आकाशात ओरडत फिरणार, पिल्लू उन्हात उघडं पडणार, आणि कावळे इथे कमी नाहीत. घरट्यात अजून अंडी असती तर कावळ्यांना अर्धा दिवसही लागला नसता.

“नको,” तुम्ही सांगता. “मी तिकडं सुरूच्या बनात बसतो.”

गड्याला ते विचित्र वाटतं. इतक्या लांबून काय दिसणार? त्याचं बरोबरच आहे. लेन्सला दुपटीचा कन्व्हर्टर लावलात तर ६०० मिलिमीटर होतील, पण उजेड चौपट घटेल. भर उन्हातसुद्धा एक-शतांश, एक-दीडशतांश सेकंदाच्या वर जाता येणार नाही, आणि तेवढ्यात उडत्या गरुडाचे पंख पुसट होणार. तुम्ही कन्व्हर्टर काढून ठेवता. सुरूच्या खोडाला टेकून, मर्यादवेलीच्या पानांवर बसकण मारून वाट बघता. वाळूतल्या बिळांतून पांढुरके खेकडे बाहेर येऊन तुमच्या चपलांचा अंदाज घेतात. बऱ्याच वेळाने समुद्राकडून एक ठिपका येतो. पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले, पोट लख्ख पांढरं, शेपूट पाचरीच्या आकाराची. पायाखाली काहीतरी लोंबतं आहे, दोरीसारखं. दोरी वळवळते. तुम्ही फोकस फिरवता, गरुड पुढे जातो, पुन्हा फिरवता. एक फोटो. फिल्म सरकवायचा खटका ओढता. दुसरा. तोवर तो आंब्याच्या शेंड्यावर आणि घरट्यातून किरकिर सुरू.

फोटोत तो गव्हाच्या दाण्याएवढा येईल, हे तुम्हाला आत्ताच ठाऊक आहे.

दुपार पुसापुशीची. भरती भरलेली, ऊन टकटकीत, फोटोला काही अर्थ नाही. काकूंच्या कुळथाच्या पिठल्यावर आणि भातावर ताव मारून तुम्ही पडवीत पंचा अंथरता. गोड्या पाण्यात पिळून काढलेल्या फडक्याने आधी तिपाईचे पाय, मग कॅमेऱ्याचं अंग, सांध्यांतलं मीठ काडीने. लेन्सच्या काचेला फडकं नाही, आधी रबरी फुग्याची फुंकर. वाळूचा एक कण फडक्याखाली आला की काचेवर कायमची रेघ. रोलच्या डब्या तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलेल्या आहेत, दमटपणा तांदूळ ओढून घेतो म्हणून. काकूंना ही कल्पना मुळीच पसंत नाही. भाताला औषधाचा वास येईल, असं त्यांचं म्हणणं.

चारच्या आत खाडी ओलांडून तुम्ही पाजपंढरीच्या बाजूने हर्णैच्या बंदरावर. इथे शांतता, निसर्ग वगैरे काही नाही. होड्या किनाऱ्यापासून आत उभ्या आहेत, उथळ पाण्यामुळे त्यांना पार काठाला येता येत नाही. मग बैलगाड्या पाण्यात उतरतात. बैलांच्या पोटाला पाणी लागेपर्यंत आत. होडीवरून टोपल्या गाडीत, गाडी परत वाळूवर, वाळूवर मासळीचे वाटे, वाट्यांभोवती माणसांची कडी आणि लिलाव. बोली इतकी भराभर चढते की तुम्हाला आकडा कळेपर्यंत मासळी बर्फात गेलेली असते. मागे सुवर्णदुर्ग, पाण्यातून उगवल्यासारखा.

आणि वर कुरव. शेकडो. तपकिरी डोक्याचे जास्त, मधूनच काळ्या डोक्याचे. माघात त्यांच्या डोक्यांवर विणीचा रंग चढायला सुरुवात होते. कुणाचं डोकं अजून पांढरं, फक्त कानामागे एक डाग, तर कुणाचा चेहरा अर्धा तपकिरी आणि मान पांढरी. ते इथले नाहीत, उन्हाळ्यात मध्य आशियातल्या तळ्यांवर अंडी घालायला परत जातील. त्यांच्यात घुसून ब्राह्मणी घारी झेप घेतात, पाण्याला पाय लावून मासळी उचलतात आणि उडता उडताच खातात.

तुम्ही काठावरून प्रयत्न करता. सूर्य समोर. पांढरे पक्षी, चकाकतं पाणी आणि त्यात फिल्म अशी की अर्ध्या स्टॉपची चूक माफ करत नाही. कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्याला भुलून फोटो काळा करणार. तुम्ही आपल्या तळहातावर मीटर धरून मोजता, आकडा मनाशी बांधता आणि आता मीटरकडे बघायचं नाही असं ठरवता. तरी कुरव लांबच. तुम्ही दोन पावलं पुढे गेलात की ते चार हात वर.

“अहो फोटोवाले, चढा की गाडीवर!”

गाडीवान खरंच थांबलेला आहे. तुम्ही पँट दुमडून, कॅमेरा छातीशी धरून मागच्या फळीवर चढता. चाकं ओल्या वाळूत रुततात, मग पाणी लागून हलकी होतात. बैल सवयीने चालतात, फक्त लाट तोंडाशी आली की मान उंच करतात. गाडी होडीपाशी पोचते आणि तुमच्या लक्षात येतं, की कुरव तुमच्या डोक्यावर हातभर अंतरावर आहेत. एकाच्या लाल पायांची बोटं मोजता येतील. त्याच्या डोळ्याभोवतीचं फिकट कडं दिसतं. कीर्टन बंधूंना कातड्याचा बैल शिवावा लागला. इथे खऱ्याच्या पाठीमागे बसलं की पक्ष्यांना तुम्ही दिसतच नाही. गाडी आली म्हणजे मासळी आली, एवढंच त्यांना ठाऊक.

टोपली उलटली जाते तेव्हा ते एकदम खाली येतात. तुम्ही गाडीच्या धक्क्यांबरोबर डोलत, एक-पाचशेवर, फोटो काढत सुटता. फ्रेममध्ये शिंग येतं. येऊ दे. गाडीवानाचा हात येतो. कुरवाचा पंख बैलाच्या शिंगाला घासून जातो, बैल कान हलवतो, मागे पिवळं ऊन. खटका अडतो. रोल संपला. पाण्याच्या मधोमध, दोन्ही हात मिठाचे, दुसरा रोल चढवायचा तर गाडीत ऊन पडलेलं. तुम्ही कॅमेरा खाली ठेवता आणि पुढचा सगळा तमाशा रिकाम्या डोळ्यांनी बघता.

रात्री नवा रोल घालून तुम्ही आंजर्ल्याच्या पुळणीवर. चंद्र प्रतिपदेचा, जवळजवळ पुरा, डोक्यावर येतो आहे. भरती एकच्या सुमाराला. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला कोकणच्या वाळूत चढतात, एकेकट्या, ओडिशासारख्या लाखांनी नाही. तुम्ही बॅटरी लावत नाही. चालून चालून पायांत गोळे येतात तेव्हा समोरच्या वाळूवर एक काळी रेघ दिसते, पाण्यापासून निघालेली, आणि तिच्या टोकाला काहीतरी हलतं आहे.

लांबच बसा. मागचे पाय आळीपाळीने खाली जातात, वल्ह्याचा पसा होतो, वाळू वर येते, बाजूला ठेवली जाते. खड्डा हातभर खोल झाला की ती थांबते. अंडी पडू लागतात, दोन-दोन, तीन-तीन, शंभराच्या आसपास. तिच्या डोळ्यांतून चिकट पाणी गळतं. ते रडणं नाही, अंगातलं जास्तीचं मीठ असं बाहेर पडतं. मग ती वाळू ओढून घेते आणि सगळं अंग या कडेवरून त्या कडेवर आपटत वाळू धोपटते. थप, थप. वाळू हलते ती तुमच्या बैठकीखाली कळते.

झोळीत फ्लॅश आहे. चंद्राच्या उजेडात या फिल्मला चार-पाच मिनिटं लागतील, त्यात ती वाळूचा ढिगारा म्हणून उमटेल. तेव्हा फोटो हवा असेल तर फ्लॅश, नाहीतर फोटो नाही. ती चढत असताना उजेड पडला असता तर अंडी न घालताच वळली असती. आता अंडी घालून झाली आहेत, आता एक फ्लॅश मारला तर? तुम्ही हा विचार करता. पण ती पाण्याकडे वळते आहे, आणि कासव समुद्र ओळखतं ते उजेडावरून. फ्लॅश झोळीतच राहतो. एक युक्ती मात्र सुचते: पहाटे, तिरप्या उजेडात, हा माग. दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांचे आळीपाळीने उठलेले ठसे, मधून पोटाची घसट. कासवाशिवाय कासवाचा फोटो. तिपाई लावून, निवांत.

तेवढ्यात सुरूच्या बाजूला बॅटरीचा झोत फिरतो. दोघं आहेत, काठी घेऊन. माग बघत येतात, संपतो तिथे काठी खुपसतात, मऊ लागलं की उकरतात. अंडी खायला, विकायला. १९७२ च्या कायद्याने हा गुन्हा आहे, पण इथल्या रात्रीत कायदा नसतो, आणि दोघं काही खलनायक नाहीत. वाडवडिलांपासून चालत आलेलं करताहेत. सहा वर्षांनी, २००२ मध्ये, इथून उत्तरेला वेळासला चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था अंडी राखायला सुरुवात करील, आणि अशीच किनारा जाणणारी गावातली माणसं राखणदार होतील. २००६ पासून पिल्लं समुद्रात सोडताना बघायला शहरातून लोक येऊ लागतील, घरोघरी जेवतील. २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र बसेल आणि तिचं नाव ‘प्रथमा’ असेल. आंजर्ल्याच्या मादीचं ‘सावनी’. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. त्या दोघांना सांगून उपयोग नाही.

तुम्ही चपला हातात घेता आणि माग पुसायला लागता. पाण्यापासून वर, मग वरून पाण्याकडे, पाय फरफटत. उद्याचा फोटो तुमच्याच टाचांखाली जातो. सुरूची एक फांदी ओढून घरट्याच्या जागेवरून फिरवता. दोघं जवळ येतात, तुमच्या तोंडावर झोत टाकतात.

“कोण? काय करताय इथं?”

“फोटोवाला आहे. झोप येईना, फिरतोय.”

ते तुमच्या अनवाणी पायांकडे बघतात, तुडवलेल्या वाळूकडे बघतात, काहीतरी ओळखतात बहुतेक, आणि पुढे निघून जातात. कोल्हे येतील, कुत्री येतील, त्यांना माग लागत नाही, वास पुरतो. पिल्लं निघायला पंचेचाळीस-पन्नास दिवस. तोवर तुम्ही इथे नसाल.

मुंबईत रोल धुऊन येतात. नियतकालिकाच्या कचेरीत, उजेडाच्या काचेवर, संपादक भिंगाला डोळा लावून एकेक स्लाइड सरकवतात. बगळा: “बरा आहे. काही करत नाही.” गरुड: “कुठाय?” बोट दाखवावं लागतं. “घरट्यावरचा नाही का?” नाही. कासव? नाही. त्यांच्या भुवया चढतात. मग रोलच्या शेवटाची एक स्लाइड येते आणि ते भिंग काढतच नाहीत.

पंख पसरलेला कुरव, उन्हात अर्धा पारदर्शक, डोक्यावर अर्धाच चढलेला तपकिरी रंग. खाली शिंग, बैलाचा ओला कान, टोपली धरलेला हात.

“मुखपृष्ठ!” ते म्हणतात. खणातून काळ्या कागदाची पट्टी काढून स्लाइडच्या खालच्या भागावर ठेवतात. शिंग गेलं, कान गेला, हात गेला. “हे बघा. एवढंच कापू. निसर्गविशेषांक आहे, बैलगाडी कशाला?”

तुम्ही बघता. पक्षी सुंदर आहे. पण तो इतका खाली का आला, मान वळवून कुठे बघतो आहे, चोच कशासाठी उघडली आहे, याचा काही पत्ता लागत नाही. तो कुठल्याही समुद्रावरचा कुठलाही कुरव झाला आहे. खडकावर पदर आणि भांडं टाळून काढलेला बगळा याच काचेवर पडलेला आहे, नुसता उभा.

“गाडीसकट घ्या,” तुम्ही म्हणता.

“गाडीसकट मुखपृष्ठ नाही होणार. आत अर्धं पान देईन.”

“चालेल.”

“मानधनही अर्ध्या पानाचंच हं.”

तुम्ही मान डोलावता. ते पट्टी खणात टाकतात आणि ओळ काय द्यायची ते विचारतात.

“हर्णै बंदर, माघ. कुरव आणि बैलगाडी,” तुम्ही सांगता. “आणि गाडीवानाला एक अंक पाठवा. पत्ता लिहून देतो.”